वहीत चिकटवलेली गाठ

रावसाहेब पहिल्यांदा आमच्या शाळेत आले तेव्हा त्यांच्या डोक्यावर खाकी टोपी होती, पायांना गुडघ्यापर्यंत पट्ट्या गुंडाळलेल्या होत्या आणि गळ्यात पाण्याची बाटली लटकत होती. एवढ्या जय्यत तयारीनिशी ते पुण्याहून लोणावळ्याला आले होते, आगगाडीत बसून. स्टेशनापासून आमची शाळा पाच मिनिटांवर होती, आणि वाटेत वाघ नव्हता.

रावसाहेब ही त्यांना सरकारनं दिलेली पदवी. नाव मी लिहीत नाही, कारण त्यांची नातवंडं आहेत आणि त्या बिचाऱ्यांचा यात काही दोष नाही.

ही गोष्ट दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची. घाटात विजेचं इंजिन येऊन काही वर्षं झाली होती आणि मी लोणावळ्याच्या मराठी शाळेत मास्तर होतो. रावसाहेब महसूल खात्यातून पेन्शनीत निघाले होते. पेन्शनीत निघालेल्या माणसाला काही ना काही खूळ लागतंच. कुणी गुलाबाची कलमं करतो, कुणी आळीतल्या लोकांना होमिओपॅथीच्या गोळ्या वाटत सुटतो. यांना रानातल्या जातींचं खूळ लागलं. घाटमाथ्यावरच्या वन्य लोकांवर एक मोठा ग्रंथ लिहायचा असा त्यांचा संकल्प होता. सबंध नोकरीत ठाकर-कातकरी त्यांनी पाहिले असतील ते कचेरीच्या ओट्याखाली उकिडवे बसलेले. आता ते त्यांना 'मूळ स्वरूपात' पाहायचे होते.

हेडमास्तरांनी माझं नाव पुढे केलं. एक तर माझं गाव मळवलीजवळचं. भातलावणीला आमच्या खाचरांत घाटमाथ्यावरचे ठाकर दरसाल येत, त्यामुळे त्यांच्या वाडीची वाट मला ठाऊक होती. दुसरं म्हणजे माझं अक्षर. शाळेतले सगळे सुविचार आणि साहेबांच्या तपासणीच्या दिवशीच्या पाट्या मीच लिहायचो. रावसाहेबांना वाटाड्या आणि लेखनिक असे दोघंही एकाच माणसात मिळाले. मला वर्गातून तीन दिवसांची सुटी मिळाली. मी सव्वीस वर्षांचा होतो आणि स्वतःला फार हुशार समजत होतो.

कार्तिकात निघालो. भुशीपर्यंत टांगा, पुढे पायवाट. रावसाहेबांचं सामान उतरवताना टांगेवाल्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. घडीची खाट, मच्छरदाणी, बिस्किटांचे डबे, नाकं मोजायच्या चिमट्यांची पेटी, तांब्याची भांडी, आणि एक लाकडी खुर्ची जिच्या बैठकीला मधोमध भोक होतं. तिचा उपयोग मी सांगत बसत नाही. बरोबर सोवळ्यातला स्वयंपाकी होता, तो सामानापासूनसुद्धा चार हात लांब उभा राहायचा.

रेल्वेच्या धरणाच्या भिंतीपाशी आबा आमची वाट बघत बसले होते. आबा म्हणजे त्या ठाकरवाडीतले जाणते गृहस्थ, साठीच्या पुढचे. कमरेला लंगोटी, तिच्या आकडीत कोयता, खांद्यावर घोंगडी, संपलं. आमच्या शेतावर लावणीला येणाऱ्या टोळीचे ते म्होरके. माझे वडील त्यांना भाऊ म्हणायचे, म्हणून मी आबा म्हणायचो. रावसाहेब त्यांना 'ए ठाकर' म्हणाले आणि तीन दिवस तेच म्हणत राहिले.

आबांनी सामानाभोवती एक चक्कर मारली आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "मास्तर, सायेब हितंच ऱ्हायला आलं का काय?"

"नाही आबा, तीन दिवसांनी परत."

"मंग घर कशाला आनलं?"

मी हसू दाबलं. पुढच्या तीन दिवसांत मी एवढं हसू दाबलं की शेवटी त्यानंच घात केला. ते पुढे येईल.

रावसाहेब फर्लांगभर चालायचे आणि बसायचे. (बिनभोकाची एक खुर्चीही होती.) आबा आणि मी पुढे जायचो आणि त्यांची वाट बघत थांबायचो. असेच एका बेहड्याच्या झाडाखाली बसलो होतो. बेहडा जुना होता, पुरुषभर उंचीवर त्याला ढोली होती आणि ढोलीच्या तोंडाशी सातेरी मधमाश्या ये-जा करत होत्या. खोडाला छातीइतक्या उंचीवर वेलीच्या सालीचे दोन वेढे होते. गाठीत गवताच्या तीन काड्या खोवलेल्या, टोकं खाली.

"ह्यो बेहडा माजा," आबा म्हणाले. हे त्यांनी असं सांगितलं की जणू मला स्वतःच्या मुलाची ओळख करून देत होते.

गाठीचा प्रकार मला लहानपणापासून ठाऊक होता. रानात पोळं ज्याला पहिल्यांदा दिसेल त्यानं झाडाला गाठ बांधायची. मग ते पोळं त्याचं. तो ते आठवड्यानं काढो की दोन महिन्यांनी, दुसरा कुणी हात लावत नाही. कापून ठेवलेल्या कारवीच्या भाऱ्याला गाठ, गवताच्या पट्टीला गाठ, हिरड्याच्या झाडाला गाठ. राखण नाही, कुलूप नाही. प्रत्येक घराची बांधायची तऱ्हा वेगळी, त्यामुळे गाठ बघितली की कुणाची ते वाडीतल्या शेंबड्या पोरालाही कळतं. आमच्या शाळेत आम्ही खडूच्या डब्यालासुद्धा कुलूप लावत होतो, आणि तरी खडू जात होते. मास्तरच नेत होते.

"अजून मध काढला नाही?" मी विचारलं.

"पोरीला दिस गेल्यात. पुसात व्हईल मोकळी." आबांची मुलगी दरीपलीकडच्या वाडीत दिली होती. "पयलं पोर हाय तिचं. आमच्यात पयल्या नातवाच्या जिभंला आज्याच्या गाठीचा मध लागतो. त्याबगर नाव ठिवत न्हाईत. आन् यंदा कारवी फुलल्या. सात वरसांनी येतो ह्यो मध. व्याह्यांना सांगून बसलोय, बेहड्याचा आनतो म्हनून."

"आणि तोवर कुणी काढून नेला तर?" मी आपलं थट्टेनं म्हणालो.

आबांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी काही अशुभ बोललो होतो. "गाठ हाय की," ते म्हणाले.

मागून रावसाहेब धापा टाकत आले, तसा विषय थांबला.

वाडीत भातकापणी ऐन भरात होती. रावसाहेबांनी बायाबापड्यांना खाचरांतून बोलावून आणलं आणि ओळीनं उभं केलं. त्यांना नाच बघायचा होता. आबा म्हणाले, आता भात पडलंय, नाच गौरीला. रावसाहेबांनी वहीत लिहून घेतलं की हे लोक पाहुण्यांपुढे नाचायला लाजतात. मग त्यांनी पेटीतून वीतभर आरसा काढला आणि एका म्हाताऱ्या मावशीपुढे धरला. ती किंचाळेल किंवा पळेल अशी त्यांची खात्री होती. मावशीनं आरसा हातात घेतला, उलटा करून पाठ बघितली, आणि म्हणाली, "लोनावळ्याच्या बाजारात ह्याच्यापरीस मोटा मिळतो. सायेबास्नी फशिवलं कुनीतरी."

रावसाहेबांना ती बोली समजली नाही. ते मला म्हणाले, "पाहिलंत? गडबडून गेली. आरशातला आत्मा!"

मी म्हणालो, "रावसाहेब, ही बाई दर आठवड्याला लोणावळ्याच्या बाजारात लाकूडफाटा विकायला येते. तिच्या घरी आरसा आहे."

"मास्तर," रावसाहेब शांतपणे म्हणाले, "ग्रंथ मी लिहितोय ना?"

मग नाकं मोजायचा कार्यक्रम झाला. मावशीच्याच नाकाला पहिल्यांदा चिमटा लागला. ती हलली नाही, फक्त मला म्हणाली, "ह्याच्या घरी न्हाईत व्हय नाकं?" संध्याकाळी आबांच्या दाराशी रावसाहेबांना एक गुळगुळीत झालेला खुंट दिसला. तो त्यांनी देव ठरवला. शतकानुशतकं हात फिरवून तो झिजला असला पाहिजे, असा त्यांचा तर्क. मी सांगितलं की तो वासरू बांधायचा खुंट आहे, दाव्यानं झिजलाय. तेव्हा रावसाहेब हसले आणि त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मास्तर, तुम्ही इथलेच. पायाखालचं तुम्हाला दिसणार नाही. त्याला अभ्यासकाची दृष्टी लागते."

तो खांद्यावरचा हात मला फार झोंबला. मी त्या वेळी ठरवलं की यापुढे या गृहस्थाला एक अक्षर सुधारून सांगायचं नाही. जे लिहायचं ते लिहू दे. ग्रंथ छापून येऊ दे, आणि मग आपण, मावळातली माणसं, तो वाचून पोट धरून हसू.

दुसऱ्या दिवशी रावसाहेबांना समुद्र बघायचा होता. आबा आम्हाला कड्यापर्यंत घेऊन गेले. खाली कोकण पसरलेलं, आणि लांब धुक्यात एक पांढरी रेघ चकाकत होती. "ती मुंबैची खाडी," आबा म्हणाले. रावसाहेबांनी 'अरबी समुद्र' असं लिहिलं आणि किनारपट्टीच्या वन्य लोकांवरही एक प्रकरण घालायचं ठरवून टाकलं. कड्यावर उभं राहून त्यांनी ते लोक पाहिले, एवढ्यावरच. मी तोंडातून चकार शब्द काढला नाही. मला मजा येत होती.

त्या तीन दिवसांत रावसाहेब ठाकरांच्या घरातलं पाणी प्याले नाहीत. स्वयंपाकी झऱ्यावरून वेगळं आणायचा, वाडीतल्याच बायका पाणी भरायच्या त्या झऱ्यावरून, फक्त दहा पावलं वरून. आबांच्या घरून माझ्यासाठी नाचणीची भाकरी आली तेव्हा स्वयंपाकी माझ्याकडे टक लावून बघत होता. मी पोट बरं नाही म्हणून सांगितलं. आमच्या बांधावर बसून मी त्याच लोकांबरोबर शंभरदा खाल्लेलं होतं. रावसाहेबांची टिंगल करतोय तर हेही लिहून ठेवतो.

तिसऱ्या दिवशी परत निघालो. टांगेवाला थांबणार नाही म्हणून आबा सामानवाल्यांना घेऊन पुढे भुशीला गेले. मागे रावसाहेब, स्वयंपाकी आणि मी. ऊन चढलं होतं. बेहड्यापाशी आल्यावर रावसाहेब थांबले.

"मास्तर, हे काय?"

त्यांची काठी आबांच्या गाठीवर टेकलेली होती. दोन वेढे, तीन काड्या.

मी उत्तर द्यायच्या आतच त्यांनी ते स्वतः देऊन टाकलं. "भूतबाधा! झाडातलं पिशाच्च बांधून ठेवलंय. ही ढोली पाहा, हे त्याचं दार. केवढी ही भोळी समजूत!" आणि माझ्याकडे वळून, "तुम्हाला काही ठाऊक आहे याविषयी?"

इतकं सोपं होतं. 'ही आबांच्या मालकीची खूण आहे' एवढे शब्द पुरे होते. ते माझ्या तोंडात आलेही होते. पण मला पहिल्या दिवसाचा तो खांद्यावरचा हात आठवला. मला डोळ्यांपुढे त्यांच्या ग्रंथाचं पान दिसलं, त्यावर छापलेलं भुताचं प्रकरण दिसलं, आणि हसणारी माणसं दिसली. त्या हसण्याच्या आशेनं मला अक्षरशः गुदगुल्या झाल्या.

"असेल, रावसाहेब," मी म्हणालो. "तुमचा तर्क बरोबर असेल."

त्यांनी खिशातला चाकू काढला, साल मागच्या बाजूनं कापली आणि गाठ अलगद काढून घेतली, मोडू न देता. तेवढं मात्र त्यांना छान जमलं. मग खुर्चीवर बसून त्यांनी पाकीट काढलं आणि मला मजकूर सांगितला. मी माझ्या वळणदार अक्षरात लिहिला: 'भूतबाधेपासून रक्षण करणारी गाठ. ठाकर जात. घाटमाथा.' शाई वाळेपर्यंत फुंकरही मीच घातली.

भुशीला आबांनी सगळं सामान टांग्यात नीट लावून दिलं होतं. रावसाहेबांनी त्यांना साबणाची एक वडी दिली. आबांनी ती घोंगडीत बांधली, मला म्हणाले, "पुसात या मास्तर, बारशाला," आणि परत फिरले. त्यांची गाठ त्या वेळी माझ्या बगलेतल्या पिशवीत होती. मला त्याचं काही वाटलं नाही. बिनगाठीचं झाड दिसलं की आबा पुन्हा बांधतील, असा मी एक विचार केला, तोही घाईघाईनं. त्यांना रोज झाडाकडे जायची गरजच नव्हती, कारण गाठ होती, हे माझ्या हुशार डोक्यात आलं नाही.

पुढचे दोन महिने मी रावसाहेबांच्या नकला करत हिंडलो. स्टेशनावरच्या चहाच्या दुकानात रेल्वेतले कारकून मला आग्रह करकरून ती भुताची गोष्ट सांगायला लावायचे. मी खाकी टोपीची नक्कल करायचो, चाकूची करायचो. 'असेल, रावसाहेब' या वाक्याला हशा ठरलेला असायचा.

पौषात एका बाजाराच्या दिवशी मला नाकाची मावशी भेटली. लाकडाची मोळी विकून ती मीठ बांधून घेत होती. मी म्हणालो, "मावशी, आबा नाही आले? नात की नातू?"

तिनं मिठाची पुरचुंडी घट्ट केली. "आबाचं नाव काडू नगा, मास्तर. लय वंगाळ झालं."

तिनं सांगितलं ते असं. वाडीतल्याच एका घरच्या माणसांना बेहड्यात पोळं दिसलं, झाड कोरं होतं, त्यांनी रीतीप्रमाणे मध काढला. मुलगी बाळंत झाल्यावर आबा भांडं घेऊन गेले तर ढोली रिकामी. आबा म्हणाले, मी गाठ बांधली होती. सगळी वाडी झाडापाशी गेली. खोडाला साल नाही, खाली पडलेली काडी नाही. वाऱ्यानं गेली म्हणावी तर आबांची गाठ कधी वाऱ्यानं गेली नव्हती. कुणी सोडली म्हणावी, तर गाठ सोडणारा माणूस त्या रानात कुणी पाहिलेला नव्हता. अशी गोष्ट कुणाच्या मनातसुद्धा येईना. मग उरलं एकच. आबांनी बांधलीच नव्हती, आणि आता कारवीच्या मधाच्या लोभानं खोटं बोलतायत.

"मंग वाडीनं ठरिवलं," मावशी म्हणाली. "आबाची गाठ आता कुनी मानत न्हाई."

मला आधी ते नीट कळलं नाही. मग कळलं. त्यांनी भारा बांधला तरी कुणीही उचलावा. झाड राखलं तरी कुणीही झोडपावं. ज्या माणसाची गाठ मानत नाहीत त्याचं त्या रानात काहीच नाही.

"आणि नातू?"

"पोरगा झाला. बिननावाचाच हाय अजून. व्याही म्हनत्यात, खोट्याच्या घरचा मध नगं."

मी तिथल्या तिथे तिला खरं सांगायला पाहिजे होतं. नाही सांगितलं. मला वाटलं, आधी गाठ आणावी. ती आबांच्या तऱ्हेची आहे, बघितल्याबरोबर वाडीला पटेल, आणि मी तिथं होतो की नव्हतो हा प्रश्न कुणी विचारणार नाही. अंगाला काही लावून न घेता सुटायची माझी धडपड चालली होती.

रविवारी पुण्याला गेलो. रावसाहेब पेठेतल्या आपल्या घरी झोपाळ्यावर बसले होते आणि खुशीत होते. त्यांनी मला संग्रहाची वही दाखवली. जाड पानं, मधे पातळ कागद. आबांची गाठ एका सबंध पानावर सरसानं चिकटवलेली होती. खाली पाकिटावरून कापून लावलेलं माझं अक्षर.

"थांबा, नुकतंच लिहिलेलं प्रकरण वाचून दाखवतो," ते म्हणाले आणि चष्मा लावून वाचू लागले. या लोकांना मालकी म्हणजे काय याची कल्पनाच नाही, असं ते प्रकरण होतं. रानातली वस्तू रानाची, जो घेईल त्याची, अशी त्यांची बालबुद्धी आहे, वगैरे. वाचताना ते झोका घेत होते, आणि गाठीचं पान त्यांच्या मांडीवर उघडं होतं.

मी त्यांना सगळं सांगितलं. गाठ काय असते, ती कुणाची होती, तिच्यामुळे काय झालं. झोपाळा थांबला.

"मग त्या दिवशी का नाही बोललात?"

मी वहीतल्या माझ्या अक्षराकडे बघत राहिलो.

"मास्तर," रावसाहेब म्हणाले, "हे पाहा, लेबल तुमच्याच हातचं आहे. त्या दिवशी तुम्ही 'असेल' म्हणालात. आज वेगळं सांगताय. आता त्या लोकांनी तुम्हाला पढवून पाठवलंय, दुसरं काही नाही. आणि संग्रहातली वस्तू अशी देता येत नाही. चहा घेणार?"

मी चहा घेतला. तो माणूस मूर्ख होता, आढ्यतेखोर होता, वासराच्या खुंटाला देव म्हणणारा होता. पण त्यानं विचारलेला प्रश्न बरोबर होता, आणि आजवर त्यानं विचारलेला तेवढा एकच बरोबर प्रश्न मला भोवला. परतीच्या गाडीत मी मनातल्या मनात त्याची नक्कल करून बघितली. जमली नाही.

दुसऱ्या दिवशी शाळा बुडवून रिकाम्या हातानं वाडीवर गेलो. भात झोडून झालं होतं, माणसं खळ्यावर सापडली. आबा कडेला बसून टोपली विणत होते. माझ्याकडे बघून ते उठले, बसायला घोंगडी टाकली आणि आपल्या जागी जाऊन बसले. कुणाच्या मधे न येता बसायची त्यांना सवय झालेली दिसली.

मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. साहेबानं गाठ कापून नेली, पुण्याला वहीत डकवून ठेवली आहे.

मग मावशीनं विचारलं, "कशापायी?"

"भुताची आहे असं वाटलं त्यांना."

कुणी हसलं नाही. या वाक्याला स्टेशनावर केवढा हशा व्हायचा.

"तुमी तितं व्हता?"

"होतो."

"आबाची हाय, ठावं व्हतं?"

"होतं. आबांनीच दाखवली होती."

"मंग सायबाला बोलला का न्हाई? भ्या वाटलं?"

भीती वाटली म्हणून सांगता आलं असतं. साहेबाच्या भीतीला तिथं सगळ्यांनी माफी दिली असती. पण आबा टोपली विणायची थांबून माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "भीती नाही. साहेबाची फजिती व्हावी, मग आपल्याला हसायला मिळावं, म्हणून गप्प बसलो."

मावशीनं डोळे बारीक केले. "हसाया?"

"हो."

तिनं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग बाकीच्यांकडे वळून म्हणाली, "खरं असंल. सवताच्या तोंडानं असं कोन सांगंल?"

तेवढ्यावर निकाल झाला. मध काढलेल्या घरच्या माणसानं उठून, होता त्यातला उरलेला मध मडक्यातून आणला आणि आबांच्या पुढ्यात ठेवला. आबांची गाठ पुन्हा मानायची ठरली. मडकं बघून आबांनी मान डोलावली. टोपली खाली ठेवून त्यांनी दोन्ही हातांनी तोंड पुसलं, आणि मी दुसरीकडे बघायला लागलो.

पाहुण्याला रानाच्या तोंडापर्यंत पोचवायची त्या वाडीची रीत आहे. आबा कोयता घेऊन माझ्याबरोबर निघाले. मला वाटलं, वाटेत बोलतील, शिव्या देतील. मी तयार होतो. मी दोनदा म्हणालो, "आबा, चुकलो." ते "व्हय" म्हणाले. दुसरं काही नाही.

वाटेत पहिलं गाठीचं झाड लागलं, एक हिरडा. आबा भरभर पुढे गेले आणि खोडाला पाठ लावून उभे राहिले, गाठ झाकून. मी पुढे गेल्यावर ते निघाले. मला आधी वाटलं, दम लागला असेल. पुढच्या झाडापाशी त्यांनी तसंच केलं. कारवीचा एक भारा होता, त्याच्याही पुढे येऊन उभे राहिले. रागानं नाही. चोरट्या गुरापुढं राखणदार उभा राहतो तसे, तोंडावर काही न आणता.

बेहड्याला नवीन गाठ अजून नव्हती. त्याच्यापुढेसुद्धा ते उभे राहिले. तिथून भुशीपर्यंत मी हात पाठीमागे बांधून चाललो, त्यांना दिसतील असे. तरी गाठीच्या प्रत्येक झाडापाशी ते उभे राहतच होते.